आदिवासी विद्यार्थी आणि समुपदेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीव द्यावा असे विचार आत्ता येत असतील तर पुढचं नंतर वाचा. आधी १४४१६ लावा. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. फोन लागेपर्यंत शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी उठवून जवळ बसवा.

बाकीच्यांसाठी थोडी ओळख. मी समुपदेशक आहे, मूळची सुरगाण्याकडची, कोकणा समाजातली. नंदुरबार, पालघर, मेळघाट, गडचिरोली, अकोले, किनवट अशा भागांतून शिकायला शहरात आलेली मुलं-मुली जे विचारतात तेच खाली घेतलं आहे. प्रश्नांची भाषाही बहुतेक त्यांचीच ठेवली आहे.

मला आजारबिजार काही नाही. स्कॉलरशिप आली नाही म्हणून झोप लागत नाही. यात समुपदेशक काय करणार?

मेसवाल्याचे पैसे थकलेत, खोलीमालक दारात येऊन उभा राहतो, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकून पडलाय. अशा वेळी झोप उडाली तर तुमचं मन जागेवर आहे असंच मी म्हणेन. झोप उडवणारी गोष्ट खरी आहे, ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हटल्याने ती जाणार नाही.

म्हणून कामाचा समुपदेशक पहिल्याच भेटीत पैशाचं विचारतो. अर्ज कुठे अडकलाय, कॉलेजच्या क्लार्ककडे की आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात? शासकीय वसतिगृह मिळालंय की वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच्या ‘स्वयम्’ योजनेच्या पैशातून खोली घेतली आहे? शेवटचा हप्ता कधी आला? कॉलेजच्या समान संधी कक्षाला (वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांना मदत करणारा विभाग) पत्र लिहिणं, फी हप्त्यांनी भरू द्या म्हणून प्राचार्यांना भेटणं, विद्यार्थी साहाय्य निधीची चौकशी करणं, ही कामं त्याच खोलीतून सुरू होऊ शकतात. आणि पैसे येईपर्यंत रात्री डोक्यात जे गरगरत राहतं ते कसं कमी करायचं, दिवसातले कोणते दोन तास अभ्यासासाठी वाचवायचे, हेही तिथेच बोलायचं. दोन्ही लागतं. पैशाचा विषय काढल्यावर कुणी नुसते दीर्घ श्वास घ्यायला लावत असेल तर सरळ सांगा, ‘श्वास घेतो मॅडम, पण माझा अर्जही बघा.’

२०१८ मध्ये वसतिगृहातली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा पुण्याहून मुलं पायी नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे निघाली होती. तेव्हा त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं कुणी म्हटलं नाही. तीच काळजी एकट्याने खोलीत बसून केली की मात्र आपणच स्वतःला कमकुवत ठरवतो.

व्हॅलिडिटी, म्हणजे जमातीच्या दाखल्याचं वैधता प्रमाणपत्र, अडकलीय. चौकशीला आलेले लोक आजोबांना तुमचे देव कोणते, लग्नात काय काय करता असं विचारून गेले. तेव्हापासून मला कसंतरीच होतंय.

तपासणी नकोच असं आपल्यातलं कुणी म्हणत नाही. खोट्या दाखल्यांवर जागा गेल्या त्या आपल्याच. पण आपण कोण आहोत हे अनोळखी माणसापुढे परीक्षेसारखं सांगावं लागणं अंगावर येतं. त्यातून बाप नोकरीनिमित्त शहरात राहिलेला असेल, तुम्हाला कुळाच्या देवाचं नाव पटकन आठवलं नाही, तर ‘आपण खरंच आदिवासी आहोत का’ असा किडा डोक्यात शिरतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ही ‘ॲफिनिटी टेस्ट’, म्हणजे देव-चालीरीती विचारून जमातीशी नातं तपासणं, ही एकमेव कसोटी नव्हे. चालीरीती काळाबरोबर बदलतात, हे न्यायालयालाही मान्य आहे.

समुपदेशक वकील नसतो. प्रवेश रद्द होण्याची टांगती तलवार असेल तर दाखले तपासणाऱ्या पडताळणी समितीकडून तारीख लेखी घ्या, आदिवासी विद्यार्थी संघटनांत हे करून बसलेली मुलं असतात त्यांना धरा. आमच्याकडे या ते चौकशीनंतर मनात जे राहून गेलं त्यासाठी.

‘तुमचं बरंय, कोट्यातून आलात’ असं रोज ऐकायला लागतं. मीच जास्त मनाला लावून घेतोय का?

नाही.

हजेरी घेताना वळवी, पाडवी, आत्राम, मडावी अशा आडनावावर सर क्षणभर थांबतात आणि पुढच्या बाकावरचे दोघं मागे वळून बघतात. हे तुम्हाला दिसतं, शेजारच्याला दिसत नाही. मग त्याला सांगायला गेलं तर तो म्हणतो, ‘असं काही नसतं रे.’ अपमानापेक्षा हे जास्त खातं, कारण आता तुमचा तुमच्याच डोळ्यांवरचा भरवसा उडायला लागतो. समुपदेशनात पहिलं काम हा भरवसा परत आणायचं असतं. घडलं ते घडलं, असं कुणीतरी म्हणायला लागतं.

दुसरं काम, नोंद. तारीख, जागा, कोण काय बोललं, कोण हजर होतं. वहीच्या मागच्या पानावर लिहिलं तरी चालेल, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, समुपदेशकाने ढकलायचंही नाही आणि ‘जाऊ दे, करिअर बघ’ असंही म्हणायचं नाही. तक्रार करायची ठरली तर यूजीसीच्या २०१२च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आली, त्या दारापासून सुरुवात करता येते. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे. जातीवरून चारचौघांत अपमान केला तर १९८९चा ॲट्रॉसिटी कायदा आहेच.

डॉ. पायल तडवी हे नाव बहुतेकांना माहीत असतं. तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी मुंबईत डॉक्टरकीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. मे २०१९ मध्ये ती गेली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, खटला दाखल झाला. तिच्या आई आबेदा तडवी आणि २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, कॅम्पसवरच्या भेदभावाविरुद्धचे नियम कागदावरून खाली उतरवा म्हणून. पायलला समुपदेशनाची गरज होती असं कुणी म्हटलं की मला राग येतो. छळ थांबायला हवा होता. समुपदेशनाने छळणाऱ्याचं वागणं बदलत नाही. छळ सोसणाऱ्याला एकटं पडू न देणं, तक्रार उभी करताना मागे उभं राहणं, एवढं त्याच्या हातात असतं.

समुपदेशक मॅडम शहरातल्या आहेत. त्यांना धडगाव कुठे तेही माहीत नाही. त्यांना काय सांगू?

हे खरं आहे की आपल्यातले समुपदेशक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण धडगाव माहीत नसणं आणि धडगाव ऐकून घ्यायची तयारी नसणं, यात फरक करा. पहिल्याला दोन-तीन भेटींची संधी द्या. दुसऱ्याला देऊ नका.

ओळखायचं कसं? ‘आदिवासी लोक किती साधे, किती आनंदी असतात ना’ असं म्हणणारा माणूस तुमचं दुःख ऐकायच्या मनःस्थितीत नाही. दारूचं तुम्ही काही बोलण्याआधीच तो विचारायला लागला, तर तेही ध्यानात घ्या. उलट ‘तुमच्याकडे हे कसं असतं, मला सांगाल?’ असं विचारून जो गप्प बसतो, त्याच्याशी जमेल. दुसरा समुपदेशक मागणं हा उद्धटपणा नाही.

भाषेचंही तसंच. मराठीत सांगताना अडलं तर पावरीत, मावचीत, वारलीत, गोंडीत, कोरकूत बोला. समोरच्याला कळलं नाही तरी बोला. माझ्यापुढे एक मुलगा बराच वेळ पावरीतच बोलत राहिला होता, मला चार शब्द कळले असतील. संपल्यावर त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, पाणी प्यायला आणि मग मराठीत थोडक्यात सांगितलं. ते थोडक्यात सांगणं आधीच्या पावरीशिवाय झालं नसतं.

घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय, भगताकडे चल. जाऊ का?

जावंसं वाटत असेल तर जा. भगत, बडवा, भुमका, जो कुणी तुमच्या गावचा असेल त्याच्यापाशी आई-बाप, भावकी सगळे जमतात, तुमच्यासाठी रात्र जागवतात. एवढी माणसं जवळ बसली तर माणसाला बरं वाटतं, यात अंधश्रद्धा काही नाही. समुपदेशकाला हे लपवायचीही गरज नाही.

अटी मात्र पक्क्या. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या कुणाच्या सांगण्यावरून थांबवायच्या नाहीत. मारहाण, उपाशी ठेवणं, चटके, डाग देणं, हजारो रुपये मागणं सुरू झालं की उठून यायचं. आणि तुमच्या दुखण्यासाठी गावातल्या एखाद्या बाईला डाकीण ठरवलं जात असेल तर तिथे गप्प बसू नका. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, आणि शिकलेल्या पोराचा शब्द अशा वेळी गावात चालतो.

सारखा थकवा, अंग दुखतं, वर्गात डोळे मिटतात. हे डिप्रेशन का?

असेल, नसेलही. आधी रक्त तपासा. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, मुलींमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी आहे. लहानपणी आश्रमशाळेत तपासणी झाली असेल तर तेव्हा मिळालेलं कार्ड घरून मागवा. झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन सात-आठवर असलेल्या मुलीला ‘मोटिव्हेशन’ देत बसण्यात काही अर्थ नाही. दोन्ही एकदमही असू शकतं: सिकलसेलच्या वारंवारच्या दुखण्याने मन खचतं, लेक्चर बुडतात, सर म्हणतात नाटकं करतो. तसं असेल तर डॉक्टरचं पत्र घेऊन विभागप्रमुखांना भेटायला समुपदेशकाला सोबत न्या.

होळीला गावी गेलो होतो. परत आलो तर इथलं काही गोड लागत नाही. आणि खरं सांगायचं तर गावातही आता पाहुण्यासारखंच वाटतं.

नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीत कमरेला घुंगरू बांधून रात्रभर ढोलामागे नाचलेला मुलगा तिसऱ्या दिवशी थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरला बसतो. दोन्हीकडचं अंग एकाच माणसाला सांभाळायचं आहे, तेव्हा काही दिवस जड जाणारच. त्याला आजार म्हणायची घाई मी करत नाही. परत आल्यावरचा पहिला आठवडा एकट्याने काढू नका, गावाकडच्याच दोघा-तिघांनी एकत्र जेवा, नाचगाण्याचं काही असेल तर ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाची वाट बघू नका. होळीच्या सुमाराला चाचणी परीक्षा येते का ते आधीच बघा आणि वर्गशिक्षकाला आधीच लेखी कळवा. न सांगता गायब झालं की तेवढ्यावरून पुढचं सगळं बिघडत जातं.

सलग दोन आठवडे किंवा जास्त उदास वाटतंय, भूक गेलीय, अंघोळीचाही कंटाळा येतोय, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, असं असेल तर मात्र थांबू नका. या.

गावात पाहुण्यासारखं वाटण्याबद्दल माझ्याकडे तयार उत्तर नाही. मलाही अजून वाटतं.

घरात शिकलेला मी एकटाच. माझ्यासाठी धाकट्याने शाळा सोडली. आता वायडी (इयर डाउन) लागलीय, वर्ष गेलं, घरी सांगायचं कसं?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त अश्रू येतात. आई-बाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले, फोन लागत नाही. एका मुलीची आई ठरलेल्या संध्याकाळी गावामागच्या टेकाडावर रेंज धरायला चढायची. तेवढ्या मिनिटांत ही मुलगी ‘सगळं चांगलं चाललंय’ एवढंच बोलायची, कारण आई एवढं चढून आली, तिला वाईट काय सांगायचं?

वर्ष वाया गेलं हे सांगण्याआधी त्याचा हिशेब मांडा. कोणते विषय राहिले, परीक्षा कधी, त्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळणार की नाही, वसतिगृहाची जागा राहणार का? गृहपालांना आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला विचारून हे कागदावर घ्या. मग सांगा. नुसतं ‘नापास झालो’ घरच्यांना झेपत नाही. ‘नापास झालो, आता असं असं करणार आहे’ हे झेपतं. धाकट्याने शाळा सोडली त्याचं ओझं एकट्या तुमचं नाही. गावात दहावीच्या पुढे शाळा नाही, हा निर्णय तुम्ही घेतला नव्हता. आणि त्याला पुन्हा शाळेत घालता येतं, बाहेरून परीक्षा देता येते. तेही बोलू.

मी गेलो हे कुणाला कळेल? गृहपाल, सर, घरचे?

तुम्ही अठरा वर्षांचे असाल तर समुपदेशनाला पालकांची परवानगी लागत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क कलम २३ ने दिलेला आहे. मार्कशीटवर, टीसीवर यातलं काही येत नाही. अपवाद एकच मोठा: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर आम्हाला बोलावं लागतं, आणि तेही शक्यतो तुम्हाला सांगून. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे.

कायद्याचं झालं. प्रत्यक्षात गुपित फुटतं ते बाकड्यावर. समुपदेशन कक्ष बऱ्याचदा परीक्षा विभागाशेजारी असतो, बाहेर कोण बसलंय ते फॉर्म भरायला आलेली अख्खी रांग बघते. त्यामुळे फोनवर वेळ घ्या, गर्दी नसलेली वेळ मागा, किंवा फोनवरच बोलू का असं विचारा. तुम्ही असं का विचारता ते आम्ही समजून असतो.

गोळ्या सुरू झाल्या तर सुटतात का?

गोळ्या समुपदेशक देत नाही, मानसोपचारतज्ज्ञ देतो. तो एमबीबीएसच्या पुढे शिकलेला डॉक्टर असतो. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. त्यांची सवय लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, त्या रूममेटकडून मागून घेऊ नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, खर्च खासगीपेक्षा कितीतरी कमी. सुट्टीत गावी जाताना पूर्ण सुट्टीच्या गोळ्या सोबत न्या. भामरागडच्या मेडिकलमध्ये त्या मिळतीलच असं धरून चालू नका.

मित्र ‘जगून काय करू’ म्हणतो. मस्करी समजू का?

समजू नका. सरळ विचारा, ‘मरायचे विचार येतात का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट विचारणारा कुणीतरी मिळाला म्हणून माणूस मोकळा होतो. ‘आई-बापाचा विचार कर’ हे वाक्य टाळा, तो त्यांचाच विचार करून थकलेला असतो. त्याला एकटं सोडू नका, इजा होईल अशा वस्तू बाजूला करा, १४४१६ लावून फोन स्पीकरवर ठेवा, गृहपालांना उठवा. ‘कुणाला सांगू नको’ अशी शपथ त्याने घातली असेल तर ती मोडा. राग धरला तर धरू दे.

त्याने काही करून घेतलं असेल तर पोलीस केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नका. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच २०१७चा कायदा धरून चालतो आणि सरकारने त्याला मदत करावी असं सांगतो. शिक्षेचं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलंच नाही.

आमच्या कॉलेजात समुपदेशकच नाही.

मागा. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पाच-दहा जणांच्या सह्या असल्या तर बरं. अर्जात एक ओळ घाला की येणाऱ्या व्यक्तीला शिष्यवृत्ती, व्हॅलिडिटी, वसतिगृह यांची माहिती असावी. नाहीतर मानसशास्त्राच्या बाईंनाच आठवड्यातला एक तास चिकटवतात आणि काम झालं म्हणतात. तोवर टेलि-मानस आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही फोनवरची समुपदेशन सेवाही आहे.

पहिल्या दिवशी काय बोलायचं? मला तर बोलताच येत नाही.

‘बोलता येत नाही’ इथूनच सुरू करा. पहिली भेट पाऊण-एक तासाची असते, त्यात नाव-गाव, घरी कोण, जेवण-झोप, पैसे कुठून येतात एवढंच बहुतेक होतं. रडू आलं तरी चालतं, गप्प बसलं तरी चालतं. ज्याचं उत्तर द्यायचं नाही त्याला ‘हे नंतर’ म्हणा. मैत्रिणीला सोबत आणायचं असेल तर आणा, ती बाहेर बसेल की आत हे तुम्ही सांगा. निघताना पुढची वेळ ठरवून घ्या, आणि प्रॅक्टिकल कोणत्या वारी असतं ते आधी सांगा, म्हणजे त्या वाराची वेळ मिळणार नाही.